मिनिएचरसाठी स्वस्त प्रायमर: आधी प्लास्टिक ओळखा, मग कॅन उचला

प्रायमर म्हणजे रंगाला पकड मिळावी म्हणून आधी द्यायचा अस्तराचा थर. तो बिघडल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. कॅन आधी विकत घेतला जातो, मिनिएचर, म्हणजे रंगवायची छोटी आकृती, कशाची बनली आहे हे नंतर पाहिलं जातं, आणि पहिली चाचणी थेट सगळ्यात आवडत्या आकृतीवर होते. मग थर चिकट राहतो, नख लागलं की पोपडा सुटतो, किंवा चेहऱ्यावर रवाळ खरखर येते. दोष मात्र 'स्वस्त माल' म्हणून कॅनच्या माथी मारला जातो.

स्वस्त प्रायमर चालतो. महाग प्रायमर पुष्कळ चुका पोटात घालतो, स्वस्त घालत नाही, एवढाच काय तो फरक. म्हणून क्रम पाळायचा: मटेरियल, लावण्याची पद्धत, लेबल, टाकाऊ तुकड्यावर चाचणी, आणि मग खरी मिनिएचर. पहिल्या पायरीवर जरा जास्त रेंगाळणार आहोत, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

## 1. मटेरियल ओळखा

कडक प्लास्टिक. चौकटीतून कापून, चिकटवून जोडायच्या आकृत्या बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात. टेबलावर टाकलं तर टकटकीत आवाज येतो, वाकवलं तर वाकत नाही, तुटतं. यावर जवळजवळ कुठलाही प्रायमर धरतो. धोका उलट्या बाजूने आहे: अॅसिटोन, टोल्युइन, झायलीन अशी जहाल द्रावकं असलेला स्प्रे जवळून आणि ओला मारला तर प्लास्टिकच विरघळायला लागतं आणि बारीक नक्षी बोथट होते.

मऊ प्लास्टिक. बोर्ड गेमच्या खोक्यातून येणाऱ्या, तलवार वाकवली की परत सरळ होणाऱ्या आकृत्या बहुतेक वेळा पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. काही स्प्रे प्रायमरमधली द्रावकं आणि हा प्लास्टिसायझर एकमेकांत मिसळतात आणि थर कायमचा चिकट राहतो. आठवडाभर वाट पाहून तो सुकत नाही, कारण तो ओला नसतोच. तो बिघडलेला असतो. मऊ प्लास्टिकवर पाण्यात विरघळणारा, ब्रशने किंवा एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या उपकरणाने) लावायचा अॅक्रिलिक प्रायमर हा सगळ्यात सुरक्षित पर्याय. स्प्रेच हवा असेल तर सहाव्या पायरीतली चाचणी केल्याशिवाय हात लावू नका.

मेणचट प्लास्टिक. 1/72 मापाचे बरेच मऊ सैनिक पॉलिइथिलीनचे असतात. हाताला किंचित मेणासारखं लागतं ते हेच. पॉलिइथिलीनला रंग धरायचंच वावडं आहे. इथे महागडा प्रायमरही बंदुकीच्या नळीवरून उडेल, जर ती नळी वाकली तर. लवचिक अॅक्रिलिक प्रायमर, पातळ थर, आणि वर वार्निश, इतकंच हाती आहे. यावर जास्त पैसे घालू नका.

ओतीव रेझिन. प्लास्टिकपेक्षा ठिसूळ, खरवडलं की भुकटी पडते. साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य पृष्ठभागावर राहिलेलं असतं. नीट धुतली तर कुठलाही बरा प्रायमर धरतो, न धुतली तर कुठलाच धरत नाही.

थ्रीडी प्रिंटची रेझिन. इथे प्रश्न प्रायमरचा कमी आणि रेझिनचा जास्त. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, अतिनील प्रकाशात पूर्ण पक्की केली नसेल तर वरचा थर चिकट राहतो किंवा काही दिवसांनी फुगून सुटतो. कच्च्या रेझिनला उघड्या हाताने स्पर्श करू नका, हातमोजे घाला.

धातू. शिशाच्या किंवा शिसेविरहित मिश्रधातूच्या आकृत्या जड असतात, हातात घेताच कळतात. द्रावकांची भीती नाही. अडचण कडांची: खेळताना टोकं घासली जातात आणि तिथला रंग आधी उडतो. एनॅमल किंवा लॅकर बैठकीचा, म्हणजे पाण्याऐवजी द्रावकावर बनवलेला स्प्रे इथे पाण्याच्या प्रायमरपेक्षा चिवट ठरतो.

तपासणी: ओळख पटत नसेल तर तळाशी, दिसणार नाही अशा जागी पात्याने हलकेच खरवडा. कडक प्लास्टिकचा बारीक कुरळा कीस निघतो, मऊ प्लास्टिकची रबरी साल निघते, रेझिनची भुकटी पडते.

सावधान: एकाच खोक्यात दोन मटेरियल असू शकतात. आकृती मऊ प्लास्टिकची आणि खालची चकती कडक प्लास्टिकची, हे तर नेहमीचंच. आणि देखाव्यासाठी थर्माकोलचे दगड-डोंगर केले असतील तर त्यांच्याकडे साधा स्प्रे कॅन फिरवूही नका. द्रावक थर्माकोल खाऊन टाकतं. आधी ब्रशने अॅक्रिलिक रंगाचा बिनफटीचा हात द्या.

## 2. किती लागणार आणि कुठे लावणार, हे लिहून काढा

कॅनच्या किमतीवरून स्वस्त-महाग ठरवणं हा दुसरा नेहमीचा घोटाळा. हिशेब दर आकृतीमागे करायचा, आणि त्यात बिघडलेल्याही मोजायच्या.

एक ढोबळ गणित पाहा. 28 मिलिमीटर मापाच्या आकृतीचं पृष्ठफळ 20 चौरस सेंटीमीटर धरू. ओल्या रंगाचा थर 0.05 मिलिमीटर जाडीचा धरला तर लागणारा प्रायमर होतो 0.1 मिलिलिटर. दोन हात आणि ब्रशवर वाया जाणारा धरला तरी अर्धा मिलिलिटर पुरून उरतो. म्हणजे ब्रशने लावायच्या 200 मिलिलिटरच्या बाटलीत शेकडो आकृत्या निघतात. स्प्रेचं तसं नाही. कॅनमधला बराच भाग ढकलवायूचा (रंग बाहेर ढकलणाऱ्या वायूचा) असतो, आणि बाहेर पडलेल्या रंगातला मोठा हिस्सा आकृतीच्या आजूबाजूने हवेत जातो. एकेक आकृती मारत बसलात तर अपव्यय सगळ्यात जास्त. दहा-बारा शेजारी-शेजारी उभ्या करून मारल्यात तर एकीला चुकलेला फवारा दुसरीवर बसतो.

म्हणून महिन्यातून दोन-चार आकृत्या रंगवणाऱ्याला ब्रशची बाटली परवडते, आणि पूर्ण सैन्य एका बैठकीत उरकणाऱ्याला स्प्रे. स्प्रेमध्ये पैसे वाचतात असं नाही, वेळ वाचतो.

मग जागा. मोकळी हवा, वाऱ्यापासून आडोसा आणि कोरडं हवामान ही तिन्ही एकत्र मिळत नसतील तर स्प्रेचा विचार सोडून द्या. बंद खोलीत, खिडकी किलकिली करून मारणं चालत नाही. द्रावकाची वाफ फुप्फुसात जाते आणि ढकलवायू ज्वलनशील असतो. धुळीचा साधा मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

## 3. प्रकार निवडा

### ब्रशने लावायचा अॅक्रिलिक प्रायमर आणि गेसो

चित्रकार कॅनव्हासला अस्तर म्हणून लावतात तो अॅक्रिलिक गेसो मिनिएचरवर चालतो, आणि बजेट कमी असेल तर माझी पहिली शिफारस हीच. गेसो म्हणजे अॅक्रिलिक बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट भाग), पांढऱ्या गेसोत टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पुढच्या रंगाला पकड मिळावी म्हणून चुनखडीसारखी बारीक भर. लावताना तो भीतिदायक दिसतो: घट्ट, चेहऱ्यावर चढलेला. सुकताना आकसतो आणि नक्षीला घट्ट बसतो. ओला असताना दिसणाऱ्या रूपावरून निर्णय घेऊ नका.

मात्र सगळे गेसो सारखे नसतात. विद्यार्थ्यांसाठीचे जाड, भरड गेसो कॅनव्हाससाठी ठीक, आकृतीच्या डोळ्यांसाठी नाहीत. बोटाच्या चिमटीत थेंब चोळून पाहा. कण जाणवले तर नको. काळा गेसो बहुधा पांढऱ्यापेक्षा एकसारखा बसतो.

छंदासाठीच बनवलेले पॉलियुरेथेन-अॅक्रिलिक प्रायमर बाटलीतून मिळतात. ते ब्रशने लावता येतात, पण त्यांचं खरं काम एअरब्रशमधून. सुकले की चांगली कातडी धरतात, मात्र पूर्ण पक्के व्हायला किमान एक दिवस द्यावा लागतो. त्याआधी घासलंत तर भुकटी न पडता रबरासारखी साल सुटते.

### छंदाचे स्प्रे कॅन

मिनिएचर आणि मॉडेल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले. रंगद्रव्य बारीक दळलेलं, फवारा मऊ, थर पातळ. जपानी 'मिस्टर सरफेसर' सारख्या मालिकेत कॅनवर 500, 1000, 1200, 1500 असे आकडे असतात. आकडा जेवढा मोठा तेवढा थर बारीक. 500 हा ओरखडे बुजवण्यासाठी आहे, चेहऱ्यासाठी नाही. मिनिएचरला 1000 किंवा त्याच्या वरचं घ्या. हे लॅकर बैठकीचे आहेत, म्हणजे पकड जबर आणि वासही.

### गाड्यांचे आणि घरगुती कामाचे स्प्रे कॅन

पैसे वाचवणारे बहुतेक जण इथे येतात, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. गाड्यांचा साधा राखाडी प्रायमर धातूवर आणि कडक प्लास्टिकवर बऱ्याचदा छान बसतो. पण 'फिलर', 'हाय बिल्ड' असं लिहिलेला कॅन ओरखडे भरून काढायलाच बनवलेला असतो. पत्र्यावरचा ओरखडा आणि आकृतीचा ओठ यांतला फरक त्याला कळत नाही, दोन्ही बुजवतो. तो फक्त मोठ्या, सपाट, प्रिंटच्या रेघा दिसणाऱ्या भागांवर वापरा: इमारती, वाहनं, चकत्या.

पुढच्या गोष्टी कितीही स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नका:

- भिंतीचा आणि लाकडाचा प्रायमर. भर जास्त, कण मोठे, थर जाड.
- रेड ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून आहे. आकृतीवर जाड आणि भरड बसतो.
- धातू चावणारा आम्लयुक्त 'सेल्फ एचिंग' प्रायमर. आकृतीला त्याची गरज नाही आणि वाफ त्रासदायक.
- 'रंग आणि प्रायमर एकात' असं लिहिलेला चकचकीत किंवा साटिन (अर्धवट चमकणारा) कॅन. तो रंगच आहे. वरचा पाण्याचा रंग त्यावर थेंब-थेंब होऊन जमतो.
- प्लास्टिकला पकड देणारा पारदर्शक 'अॅडहीजन प्रमोटर'. गाडीच्या बंपरसाठी आहे. द्रावक पॉलिस्टायरीनला खाऊ शकतं.

### एअरब्रश

आधीच घरात असेल तर प्रति आकृती सगळ्यात स्वस्त आणि बारीक काम हाच करतो. फक्त प्रायमर स्वस्त करण्यासाठी एअरब्रश आणि कॉम्प्रेसर घेणं म्हणजे हिशेब उलटा मांडणं.

## 4. लेबलवर चार गोष्टी शोधा

पुढची बाजू जाहिरात असते. मागची बारीक अक्षरं वाचा.

पृष्ठभाग. 'प्लास्टिकसाठी योग्य' असं स्पष्ट लिहिलंय का? फक्त लाकूड आणि धातू लिहिलं असेल तर धातूच्या आकृतीपुरतं घ्या.

चमक. मॅट किंवा फ्लॅट. साटिन टाळा, ग्लॉस नकोच.

पुन्हा मारण्याची वेळ. याकडे कोणी बघत नाही. काही एनॅमल बैठकीच्या कॅनवर लिहिलेलं असतं की दुसरा हात एका तासाच्या आत मारा, नाहीतर 24 किंवा 48 तास थांबा. मधल्या वेळेत मारलं की वरच्या हातातलं द्रावक अर्धवट पक्क्या झालेल्या खालच्या थरात शिरतं, तो फुगतो आणि सगळीकडे सुरकुत्या पडतात. प्रत्येक कॅनचा हा काळ वेगळा, म्हणून तोंडी सल्ल्यावर जाऊ नका, लेबलवरचं पाळा.

तापमान. बहुतेक स्प्रे 15 ते 30 अंश सेल्सियस या टापूत नीट वागतात. लेबलवर वेगळं दिलं असेल तर ते खरं.

सावधान: 'बोटाला सुकलेलं लागणं' आणि 'पूर्ण पक्कं होणं' या दोन वेगळ्या वेळा आहेत. पहिली मिनिटांत असते, दुसरी तासांत किंवा दिवसांत. रंगकाम दुसऱ्या वेळेनंतर.

## 5. रंग ठरवा

एकच घ्यायचा असेल तर राखाडी. साच्याची रेघ, सांधा, खड्डा, सगळं राखाडीवर उघडं पडतं, आणि वर गडद-फिकट दोन्ही रंग निभतात.

काळा चिलखत, धातूचे रंग, घाईचं काम यांना बरा. ब्रश न पोचलेल्या खाचा आपोआप सावलीत जातात. पण पिवळा आणि लाल यांची झाकण्याची ताकद कमी असते, काळ्यावर त्यांचे हात मोजता मोजता कंटाळा येतो. खाचांत वाहून एकाच हातात सावली देणारे पारदर्शक रंग वापरणार असाल तर फिकट प्रायमर लागतोच.

पांढरा स्प्रे सगळ्यात अवघड. पांढरं रंगद्रव्य भरपूर भरावं लागतं, त्यामुळे खडूसारखी भुकटी बसण्याची शक्यता जास्त, आणि स्वस्त कॅनमध्ये तर फारच. पांढरा हवाच असेल तर आधी राखाडी पूर्ण मारा आणि वरून, डोक्याच्या दिशेने, पांढऱ्याचा हलका फवारा द्या. उजेड-सावलीही फुकटात मिळते.

## 6. चाचणी: खऱ्या मिनिएचरआधी

आकृत्या ज्या चौकटीतून कापल्या तिचा उरलेला भाग फेकू नका. तेच मटेरियल, तोच तेलकटपणा, चाचणीला याहून चांगलं काही नाही. मऊ प्लास्टिकची चौकट नसते. तिथे चकतीची खालची बाजू किंवा खोक्यातली सगळ्यात नावडती आकृती घ्या.

1. तुकडा धुऊन पूर्ण वाळवा. खरी आकृती धुणार असाल तशीच.
2. अर्ध्या भागावर प्रायमर लावा, अर्धा कोरा ठेवा.
3. लेबलवर दिलेल्या पूर्ण पक्क्या होण्याच्या वेळेइतकं थांबा. मऊ प्लास्टिक असेल तर आणखी काही दिवस ठेवा. चिकटपणा कधी कधी उशिरा वर येतो.
4. बोटाचा ठसा उमटतो का पाहा. उमटला तर हे जोडपं जमणार नाही.
5. नखाने कडेवर ओरखडा काढा. बारीक रेघ चालेल, साल निघाली तर नाही.
6. पात्याने एकमेकांना छेद देणाऱ्या चार-सहा रेघा मारा, त्यावर साधी चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर चौकोन आले तर पकड नाही.
7. वर पातळ केलेला अॅक्रिलिक रंग लावा. तो पसरायला हवा. थेंब जमले तर पृष्ठभाग एक तर चमकदार आहे किंवा तेलकट.

तपासणी: प्रायमर लावलेल्या आणि न लावलेल्या भागाची नक्षी भिंगाखाली शेजारी-शेजारी पाहा. कडा सुजलेल्या दिसल्या तर थर जाड झाला किंवा द्रावकाने प्लास्टिक खाल्लं. पातळ हाताने पुन्हा करून पाहा. तरीही कडा सुजल्या तर कॅन बदला.

नवा कॅन, नवा ब्रँड किंवा नवं मटेरियल, यातलं एकही बदललं की चाचणी पुन्हा.

## 7. आकृती तयार करा

साच्याच्या रेघा पात्याच्या पाठीने खरवडा, धारेने नाही. सांध्यांतल्या फटी लांबीने (पुट्टीने) भरा आणि घासून सपाट करा. प्रायमर फट झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो.

मग धुणं. कोमट पाणी, भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. खाचांतून ब्रश फिरवा, स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या आणि हवेवर पूर्ण वाळू द्या. घासण्याच्या कामानंतर धुवायचं, आधी नाही, नाहीतर कीस आणि बोटांचं तेल परत बसतं. पाणी गरम नको. मऊ प्लास्टिक वाकतं, आणि थ्रीडी प्रिंटची पातळ टोकंही.

वाळल्यावर आकृतीला हात लावायचा नाही. चकती जुन्या बाटलीच्या झाकणावर किंवा काठीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवा आणि तिथेच धरा.

तपासणी: खाचेत पाणी अडकलंय का? काखेत, अंगरख्याच्या घडीत, ढालीमागे पाहा. तिथे राहिलेल्या थेंबावर प्रायमर बसत नाही आणि नंतर तोच भाग सालीसारखा निघतो.

## 8. लावा

### स्प्रे असेल तर

1. हवा पाहा. दमट दिवशी मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि पांढुरकी धूसर साय येते. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली असेल तेव्हा निर्धास्त राहता येतं. पावसाच्या सुमारास थांबा किंवा ब्रश उचला.
2. कॅन हलवा. आतली गोळी खळखळायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं, घड्याळ लावून. सगळ्यात फुकटची आणि सगळ्यात टाळली जाणारी पायरी. कॅन थंडगार असेल तर आधी कोमट पाण्यात काही मिनिटं उभा ठेवा. शेगडीवर, हीटरजवळ, उन्हात कधीही नाही; 50 अंशांच्या वर नेऊ नये अशी सूचना कॅनवरच असते.
3. पहिला फवारा पुठ्ठ्यावर. नळीत अडकलेली गुठळी तिथे निघून जाऊ द्या.
4. अंतर 20 ते 30 सेंटीमीटर. त्याहून लांब गेलात तर रंग हवेतच सुकतो आणि भुकटी होऊन बसतो. फार जवळ गेलात तर ओघळ.
5. आकृतीच्या बाहेर सुरुवात, बाहेरच शेवट. बटण दाबा, हात आडवा फिरवत आकृतीवरून न्या, पलीकडे गेल्यावर सोडा. आकृतीवर नेम धरून दाबायचं नाही.
6. आधी खालून. आकृत्या आडव्या ठेवून हनुवटी, काखा, अंगरख्याची आतली बाजू घ्या, मग उभ्या करून चारी बाजू, शेवटी वरून. उलट क्रमाने गेलात तर वरचा भाग दोनदा-तीनदा भिजतो आणि खालचा कोराच राहतो.
7. पहिला हात अपुरा दिसला पाहिजे. मूळ प्लास्टिक अधूनमधून डोकावत असेल तर बरोबर चाललंय. लेबलवरच्या वेळेत दुसरा हात. तिसऱ्याची गरज बहुधा फक्त खाचांना असते, आणि त्या ब्रशने उरकाव्यात.

सावधान: राहिलेला कोपरा गाठायला म्हणून त्याच जागी फवारा धरून ठेवणं, हे चेहरे बुजण्याचं सगळ्यात मोठं कारण. तो कोपरा सोडा.

काम संपलं की कॅन उलटा धरून दोन सेकंद दाबा, नुसता वायू येईपर्यंत. नळी मोकळी राहते आणि अर्धा भरलेला कॅन पुढच्या वेळी टाकून द्यावा लागत नाही.

### ब्रश असेल तर

जुना, मऊ, मध्यम आकाराचा सिंथेटिक ब्रश घ्या. चांगला ब्रश यात घालू नका. प्रायमर मुळाशी सुकला की टोक परत येत नाही. बाटली हलवा, पण लगेच ओतू नका, बुडबुडे बसू द्या.

गेसो घट्ट असेल तर पाणी थोडंच. फार पाणी घातलं की बाइंडर विरळ होतो आणि पकडच जाते, ज्यासाठी तो लावतोय तीच. जास्त पातळ करायचा असेल तर पाण्याऐवजी अॅक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला अॅक्रिलिक बाइंडर घाला. वरून खाली एकेक भाग संपवा, खाचांत साचलेला प्रायमर कोरड्या ब्रशच्या टोकाने उचलून घ्या, आणि अर्धवट सुकलेल्या भागावर परत ब्रश फिरवू नका. तिथे थर फाटतो आणि कडा वर येते. राहिलेली जागा दुसऱ्या हातात येईल.

बुडबुडा दिसला तर लगेच फुंकर मारून किंवा सुकलेल्या ब्रशने फोडा. सुकल्यावर त्याचा खड्डा होतो, आणि तो नेमका चेहऱ्यावरच होतो.

## 9. सुकल्यावर तपासा, मग दुरुस्त करा

एका बाजूने आडवा उजेड पाडा आणि आकृती हळूहळू फिरवा. समोरून टाकलेल्या उजेडात दोष लपतात.

कोरे डाग. स्प्रे पुन्हा उचलू नका. पाण्याच्या प्रायमरने, नसेल तर त्याच छटेच्या मॅट अॅक्रिलिक रंगाने ब्रशने भरा.

खरखर. हलकी असेल तर पूर्ण पक्की झाल्यावर कोरड्या, कडक टूथब्रशने घासा. सैल बसलेली भुकटी निघते. तरी राहिली तर सपाट भागावर 1000 नंबरचा पॉलिश पेपर. चेहऱ्यावर खरखर राहिली असेल तर रंगवत बसू नका, थर काढा. पारदर्शक रंग आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) दोन्ही ती ठळक करतात.

ओघळ. ओला असेल तर कोरड्या ब्रशच्या टोकाने शोषून घ्या. सुकला असेल तर पूर्ण पक्का होईपर्यंत थांबा आणि मग घासा. अर्धवट मऊ असताना घासला की खड्डा पडतो.

पांढुरकी साय. कोरड्या दिवशी एक अगदी हलका हात बहुधा पुरतो. प्रायमरचा रंग किंचित डागाळला असेल तर काही बिघडत नाही. तो झाकलाच जाणार आहे.

चिकटपणा. वर दुसरा थर चढवून तो दबत नाही. काढा आणि पाण्याच्या प्रायमरकडे वळा.

साल निघणं. एका जागी निघाली म्हणजे इतर जागीही पकड नाही. ठिगळ लावू नका.

थर काढायचा तर अॅक्रिलिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश. धातू आणि कडक प्लास्टिक ते सहसा सोसतात. रेझिन जास्त वेळ बुडवली तर मऊ पडू शकते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून पाहत जा. एनॅमल आणि लॅकरचे थर अल्कोहोलला दरवेळी दाद देत नाहीत. अॅसिटोन फक्त धातूला, तेही प्लास्टिकची चकती आधी काढून. प्लास्टिक आणि रेझिनला ते विद्रूप करतं. हातमोजे, मोकळी हवा, जवळपास ज्योत नाही. काढल्यानंतर साबणाने धुणं आलंच, म्हणजे सातव्या पायरीपासून पुन्हा.

शेवटचं एक: चाचणीचा तुकडा टाकून देऊ नका. त्यावर प्रायमरचं नाव, मटेरियल आणि लागलेला वेळ मार्करने लिहा आणि डबीत ठेवा. वर्षभराने तोच कॅन सवलतीत दिसला की घ्यायचा की नाही हे डबी उघडून कळतं.